नकाशा रंगवण्याआधी नियम लिहा: आरोग्य नियोजन करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्य, जिल्हा आणि शहर पातळीवर आरोग्यसेवेचे नियोजन करणारे अधिकारी
आणि त्यांच्या सांख्यिकी कक्षांतील सहकारी

विषय: सामाजिक असुरक्षितता निर्देशांकाच्या आधारे निधी, लस आणि मनुष्यबळ यांचे वाटप करण्याबाबत

महोदय, महोदया,

लस आधी कुठे पाठवायची, फिरते पथक कोणत्या वस्तीत उभे करायचे, उष्णतेच्या लाटेत घरोघरी चौकशी कुठून सुरू करायची, असा प्रश्न आला की हल्ली असुरक्षितता निर्देशांकाचा, म्हणजे गरिबी, वय, घर अशा घटकांवरून प्रत्येक भागाला दिलेल्या गुणाचा, नकाशा मागवला जातो. गडद रंग म्हणजे जास्त गरज, फिका म्हणजे कमी, आणि गडद भागांना झुकते माप. आम्ही या पद्धतीच्या बाजूचेच आहोत. डोकी मोजून सरसकट वाटप केले की ज्यांच्याकडे वेळ, वाहन आणि माहिती असते तेच रांगेत पुढे उभे राहतात. आमची तक्रार वेगळी आहे. बहुतेक ठिकाणी निर्देशांक आधी निवडला जातो, मग नकाशा रंगतो, आणि त्यावरून नेमके काय ठरवायचे हे सगळ्यांत शेवटी विचारले जाते. हा क्रम उलटा करा, एवढीच आमची मागणी आहे. पत्र लांबले आहे ते ती मागणी टेबलावर बसून कशी पाळायची हे सांगण्यासाठी.

पहिली पायरी एका वाक्याची आहे. काय वाटायचे आहे, किती आहे, किती दिवसांत वाटायचे आहे आणि ते पोचल्याने कोणाचे कोणते नुकसान टळणार आहे, हे बैठकीच्या इतिवृत्तात एका वाक्यात उतरवा. ‘असुरक्षित भागांना प्राधान्य देण्यात यावे’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्यावरून कोणी कुठलेच पथक हलवू शकत नाही. ‘तीस फिरती पथके, सहा आठवडे, गोवराचा डोस चुकलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांसाठी’ हे चालेल. असे वाक्य लिहिले की कोणते घटक कामाचे आणि कोणते बिनकामाचे, हे तिथेच दिसायला लागते.

तयार निर्देशांक कशासाठी बनला होता, हे त्याच्या नावावरून कळत नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांचा म्हणजे सीडीसीचा सामाजिक असुरक्षितता निर्देशांक जगभर उद्धृत होतो. तो आपत्ती व्यवस्थापनासाठी तयार झाला, आणि २०११ साली त्याची मांडणी प्रसिद्ध झाली तेव्हा उदाहरण होते कॅटरिना वादळाचे. म्हणून त्यात घरी वाहन नसणे आहे, बहुमजली इमारती आहेत, चाकांवरची घरे आहेत. वादळापूर्वी माणसे बाहेर काढायची असतील तर हे घटक अगदी मोक्याचे. क्षयरोगाचे रुग्ण शोधायला निघालात तर त्यातली गर्दीची घरे कामाची, पण चाकांवरच्या घरांचा आकडा तुम्हाला काही सांगणार नाही. उलट क्षयासाठी ज्याची खरी गरज आहे ते कुपोषण, मधुमेह, खाणीतली किंवा धुळीतली कामे, यांतले त्या यादीत काहीच नाही.

उष्णतेचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक माणसे नेहमीपेक्षा जास्त दगावली. त्यानंतर मृतांची आणि त्यांच्याच शेजारपाजारच्या जिवंत माणसांची तुलना झाली. एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले, रोज घराबाहेर न पडणारे आणि इमारतीच्या सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहणारे यांना धोका जास्त होता. घरात चालू वातानुकूलन असलेले आणि ये-जा करण्याची सोय असलेले बरेचसे बचावले. आता सीडीसीचा निर्देशांक उघडा. त्यात ६५ वर्षांवरील लोकांचे प्रमाण आहे, पण एकटे राहणारे वृद्ध किती हे नाही. वरचा मजला नाही, घर थंड ठेवण्याची सोय नाही. शिवाय त्याच गटात १७ वर्षे आणि त्याखालील मुलांचे प्रमाणही मोजले जाते. ज्या भागात मुले जास्त तिथे वृद्धांचे प्रमाण बहुधा कमी, म्हणजे हे दोन घटक एकमेकांना खोडत बसतात. उन्हाळ्याच्या योजनेत हा एकत्रित गुण जसाच्या तसा वापरला तर तरुण कुटुंबांच्या वस्त्या वर येतात आणि म्हाताऱ्यांच्या इमारती खाली जातात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

म्हणून तयार निर्देशांक घेतलात तरी एकूण गुणावर थांबू नका. घटकांचे मूळ आकडे घ्या, तुमच्या वाक्याशी संबंध असलेले पाच-सात निवडा आणि प्रत्येकासमोर एक ओळ लिहा: हा घटक वाढला की ते नुकसान का वाढते. ज्याच्यासमोर ओळ सुचत नाही तो वगळा. उन्हाळ्याच्या यादीत ‘एकटे राहणारे ६५ वर्षांवरील लोक’ यासमोर ‘त्रास सुरू झाला तरी बघायला कोणी नसते’ एवढे पुरे.

हे घटक एकत्र कसे केले जातात, इकडे फार थोडे लोक पाहतात. सीडीसीची रीत सोपी आहे. प्रत्येक घटकावर सगळ्या भागांचा क्रम लावायचा, मग क्रमातून एक वजा करून त्याला एकूण भागांच्या संख्येतून एक वजा केलेल्या आकड्याने भागायचे. उत्तर शून्य ते एक यांच्यामध्ये येते. हा झाला पर्सेंटाइल क्रम. सगळ्या घटकांचे क्रम बेरजेत घ्यायचे आणि त्या बेरजेचा पुन्हा क्रम लावायचा. २०२० पासून त्यात १६ घटक आहेत, चार गटांत: सामाजिक-आर्थिक स्थितीत पाच, कुटुंबाच्या स्वरूपात पाच, वांशिक अल्पसंख्याक असण्याचा एक, आणि घर व वाहतुकीचे पाच. दिसायला चार समान गट. प्रत्यक्षात गटांची बेरीज म्हणजे १६ घटकांचीच बेरीज, त्यामुळे पाच घटकांच्या गटाचे वजन एक घटकाच्या गटाच्या पाचपट पडते. ‘आम्ही कोणालाही भार दिलेला नाही’ असे जेव्हा अहवालात म्हटले जाते तेव्हा भार दिलेलाच असतो, फक्त तो कोणी विचारपूर्वक दिलेला नसतो.

बेरजेचा दुसरा दोष भरपाईचा. समजा एका भागाचे आठ घटक ०.९५ वर आहेत आणि आठ ०.०५ वर. बेरीज ८. दुसऱ्या भागाचे सोळाही घटक ०.५० वर. बेरीज पुन्हा ८. नकाशात दोघांना एकच रंग मिळेल. पहिल्या भागात कदाचित गर्दी, गरिबी आणि विमा नसणे टोकाला गेलेले आहे; दुसरा भाग सर्वच बाबतींत मधला. तातडीचे पथक कुठे जायला हवे हे सांगायला नको, पण निर्देशांक ते सांगत नाही. सीडीसीने यावर एक उपाय ठेवला आहे: कोणत्याही घटकात वरच्या दहा टक्क्यांत असलेल्या भागाला त्या घटकापुढे खूण असते. त्या खुणांची संख्या एकूण गुणाशेजारी छापा. इंग्लंडच्या बहुविध वंचितता निर्देशांकात वेगळी वाट आहे. तिथे प्रत्येक क्षेत्राचे गुण बेरजेआधी अशा प्रकारे ताणले जातात की एका क्षेत्रातली टोकाची वंचितता दुसऱ्यातल्या सुस्थितीने पुसली जाऊ नये. भारही उघड दिलेले आहेत. २०१९ च्या आवृत्तीत उत्पन्न आणि रोजगार यांना प्रत्येकी २२.५ टक्के, शिक्षण आणि आरोग्य यांना प्रत्येकी १३.५, आणि गुन्हेगारी, घरे व सेवांपर्यंतची पोच, राहणीचे वातावरण यांना प्रत्येकी ९.३. हे भार पटोत न पटोत, त्यांच्यावर वाद घालता येतो.

घटक क्रमात न बदलता मूळ आकड्यांतच एकत्र करणार असाल तर आधी त्यांचे प्रमाणीकरण करा, म्हणजे ते एकाच मापावर आणा. घराची किंमत लाखांत असते आणि बेरोजगारी टक्क्यांत. दोन्ही तशीच बेरजेत घातली तर निर्देशांक घराच्या किमतीचाच होऊन बसतो, बाकीचे घटक नावाला उरतात. अमेरिकेतल्या एका बहुचर्चित वंचितता निर्देशांकावर हीच टीका झाली: महागड्या शहरांतल्या गरीब वस्त्या केवळ घरांच्या किमतीमुळे सुस्थितीत दिसत होत्या. तपासणी अगदी साधी आहे. अंतिम गुणाचा प्रत्येक घटकाशी सहसंबंध काढा. एकाच घटकाशी तो ०.९५ च्या पुढे जात असेल आणि बाकीच्यांशी ढिला असेल, तर तुमच्या हातात एकाच घटकाची यादी आहे, नाव मात्र निर्देशांकाचे.

गरज मोजायच्या जागी वापर मोजणे हा सापळाही ओळखीचा आहे. दवाखान्यातल्या भेटी, दाखल रुग्ण, झालेला खर्च हे आकडे सहज मिळतात म्हणून घेतले जातात. पण जिथे दवाखानाच नाही तिथे भेटी कमीच असणार, आणि तो भाग निरोगी ठरणार. २०१९ साली अमेरिकेत एका मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या संगणकीय गुणांकनाची चिकित्सा प्रसिद्ध झाली. ते गुणांकन पुढे होणाऱ्या खर्चाचा अंदाज काढून जादा मदतीचे रुग्ण निवडत होते. समान गुण मिळालेल्यांत कृष्णवर्णीय रुग्ण प्रत्यक्षात जास्त आजारी होते, कारण त्यांच्यावर खर्चच कमी होत आला होता. ही तफावत दूर केल्यास जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते.

याच्या जवळचीच एक गफलत: ज्या निर्देशांकात आरोग्याचे घटक आधीच आहेत, तो घेऊन ‘वंचित भागांत आरोग्य वाईट आहे’ असे सिद्ध करू नका. इंग्लंडच्या निर्देशांकात आरोग्य हे एक क्षेत्रच आहे, तेव्हा असे विश्लेषण करायचे तर ते क्षेत्र वगळून करावे लागते.

आता टक्केवारी आणि संख्या. समजा एका शहरी भागाची लोकसंख्या ८०,००० आणि त्यात गरिबी २० टक्के, म्हणजे १६,००० गरीब. दुसऱ्या भागाची लोकसंख्या ५,०००, गरिबी ६० टक्के, म्हणजे ३,०००. क्रमवारीत दुसरा भाग वर आणि पहिला बराच खाली. केवळ गडद भागांत पथके पाठवलीत तर पहिल्या भागातली १६,००० माणसे फिक्या रंगाखाली झाकली जातात. गरीब माणसांपैकी बरीच ‘गरीब भागा’बाहेर राहतात, आणि ‘गरीब भागा’तही सगळे गरीब नसतात. प्रदेशाच्या सरासरीवरून माणसाविषयी अनुमान काढू नये, हे १९५० पासून सांख्यिकीच्या पहिल्या धड्यांत आहे. तरीही एखाद्याला मदत नाकारताना ‘तुमचा भाग बसत नाही’ असे सांगितले जाते. भागाचा गुण पथक कुठे उभे करायचे हे ठरवायला वापरा. पथकासमोर आलेल्या माणसाला सेवा द्यायची की नाही हे त्याच्याच परिस्थितीवरून ठरले पाहिजे.

भाग किती मोठा घ्यायचा यावरही पुष्कळ अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये हा निर्देशांक सरासरी सुमारे १,५०० लोकांच्या क्षेत्रांवर काढतात. तोच जिल्हा पातळीवर काढला तर एका जिल्ह्यात टोलेजंग इमारती आणि त्यांच्या पाठीमागची झोपडपट्टी यांची सरासरी निघते आणि दोन्ही गायब होतात. पण फार लहान क्षेत्रातही अडचण आहे, कारण नमुना पाहणीचे आकडे तिथे डळमळतात. २२ टक्के गरिबी, त्रुटीची मर्यादा ९ टक्के; म्हणजे खरा आकडा १३ ही असेल, ३१ ही असेल. अशा दोनशे भागांचा क्रम लावला की बेचाळिसावा आणि सत्तरावा यांत खरोखर फरक आहे की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. उपाय अर्ध्या दिवसाचा आहे. प्रत्येक आकडा त्याच्या त्रुटीच्या मर्यादेत यादृच्छिकपणे हलवा, निर्देशांक पुन्हा काढा, आणि हे हजार वेळा करा. जो भाग हजारांपैकी आठशेहून अधिक वेळा वरच्या चौथाईत आला तो पक्का. दोनशे ते आठशे यांच्या मधला सीमेवरचा. सीमेवरच्या यादीसाठी स्थानिक माहिती मागवा. पक्क्या यादीवर वेळ घालवू नका.

आकड्यांच्या फायलीत बसलेल्या दोन चुकांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्या कोणत्याही अहवालात दिसत नाहीत. सीडीसीच्या फायलीत जिथे माहिती नाही तिथे उणे ९९९ हा आकडा भरलेला असतो. एखाद्या मोठ्या क्षेत्रात चार छोटे भाग आहेत, त्यांचे गुण ०.८२, ०.७६, उणे ९९९ आणि ०.९१. कोणी सरळ सरासरी काढली तर उत्तर उणे २४९.१३ येते. हा आकडा डोळ्यांसमोर आला तर कोणीही थबकेल. पण पुढच्या पायरीला त्याचा क्रम लागतो, क्रमात तो तळाशी जातो, पर्सेंटाइल शून्य होतो, आणि नकाशावर ते क्षेत्र सगळ्यांत फिके, म्हणजे सगळ्यांत सुरक्षित म्हणून उमटते. क्रम लावताना मूळ विचित्र आकडा पुसला जातो, म्हणून ही चूक हाती लागत नाही. फाईल उघडल्यावर पहिले काम प्रत्येक स्तंभातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा पाहण्याचे. दुसरे काम, माहिती नसलेले भाग मोजून त्यांची वेगळी यादी करण्याचे. अशा भागांना नकाशात रेघांचा वेगळा पट्टा द्या, पांढरा रंग नको. पांढरा पाहून लोक ‘ठीक आहे’ समजतात.

दुसरी चूक दिशेची. सीडीसीच्या निर्देशांकात आकडा जितका मोठा तितकी असुरक्षितता जास्त. कॅलिफोर्नियात वापरल्या जाणाऱ्या ‘हेल्दी प्लेसेस’ निर्देशांकात उलटे आहे, मोठा आकडा म्हणजे राहायला चांगली जागा. दोन्ही एकाच तक्त्यात आणून सरासरी काढली तर निम्मे काम निम्म्याविरुद्ध जाते. घटकांतही असेच होते. साक्षरता आणि निरक्षरता, नळ असलेली घरे आणि नसलेली घरे. एकत्र करण्याआधी ज्या भागाबद्दल सगळ्यांना खात्री आहे की तो हलाखीत आहे, असा एक भाग घ्या आणि प्रत्येक स्तंभात तो अपेक्षित बाजूलाच आहे ना, ते बोट ठेवून पाहा.

एका विशिष्ट लोकसमूहामुळेही गणित बिघडते. वसतिगृहे, तुरुंग, छावण्या असलेल्या भागात उत्पन्न शून्याजवळ आणि गर्दी भरपूर दिसते. विद्यार्थ्यांनी भरलेला भाग कागदावर अतिवंचित ठरतो. अशी सामूहिक निवासस्थाने वेगळी काढा; तुरुंगाचे आरोग्य हा गंभीर विषय आहे, पण त्याची योजना वेगळी करावी लागते.

याच्या उलट बाजूला आहेत ते मोजणीतच न आलेले: हंगामी स्थलांतरित, बेघर, बांधकामाच्या जागेवर राहणारे, कागदपत्रे नसलेले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? निर्देशांक कितीही कुशलतेने रचला तरी जनगणनेत नसलेली माणसे त्यात येत नाहीत, आणि नेमकी हीच माणसे सगळ्यांत असुरक्षित असतात. त्यांच्यासाठी वाटपाआधीच एक ठरावीक हिस्सा बाजूला काढावा लागतो, निर्देशांकाच्या गणिताबाहेर. जुन्या आकडेवारीचा परिणामही असाच होतो. भारतात प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा पात्र कुटुंबे २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेवरून ठरवली गेली. सात वर्षांत कुटुंबे विभागतात, गाव सोडतात, कमावता माणूस गमावतात. जुनी यादी वापरणे कधी कधी अपरिहार्य असते, पण मग नाव जोडण्याचा मार्ग पहिल्या दिवसापासून उघडा हवा.

आता वाटपाचे सूत्र, ज्यावर आमच्या मते सगळ्यांत कमी चर्चा होते. सोपा मार्ग म्हणजे रेघ मारायची: वरच्या चौथाईला मिळेल, बाकीच्यांना नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी ऑक्टोबर २०२० मध्ये कोविड लसींपैकी १० टक्के साठा सर्वाधिक असुरक्षित २५ टक्के भागांसाठी राखून ठेवण्याची शिफारस केली. मार्च २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने ४० टक्के लसी ‘हेल्दी प्लेसेस’ निर्देशांकातल्या सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत वंचित, चौथाईसाठी बाजूला काढल्या. साथीच्या घाईत अशी रेघ समजू शकते, कारण ती दोन मिनिटांत समजावून सांगता येते. कायमस्वरूपी निधीसाठी ती घातक आहे. ब्रिटनमध्ये १९९० पासून वंचित प्रभागांतल्या रुग्णांसाठी डॉक्टरांना जादा मोबदला देताना प्रभागाची वंचितता मोजणाऱ्या जार्मन गुणांकनाच्या ३०, ४० आणि ५० या पायऱ्या वापरल्या. २९ गुणांच्या प्रभागाला शून्य आणि ३० च्या प्रभागाला मोबदला. गरजेत एका गुणाचा फरक, पैशात पूर्ण फरक. अशी रेघ असली की सगळी भांडणे रेघेशीच होतात आणि आकडे वाकवण्याचा मोहही तिथेच होतो.

उताराचे सूत्र जास्त न्याय्य पडते. प्रत्येक भागाची लोकसंख्या घ्या आणि तिला (१ + क × गुण) याने गुणा. गुण शून्य ते एक. ‘क’ म्हणजे झुकते माप किती द्यायचे ते. दोन भाग, दोघांची लोकसंख्या १०,०००, गुण ०.९ आणि ०.२, वाटायला ३१,००० मात्रा. क एक धरला तर भारित लोकसंख्या १९,००० आणि १२,०००, तेवढ्याच मात्रा प्रत्येकाला. क तीन धरला तर भारित लोकसंख्या ३७,००० आणि १६,०००, आणि मात्रा सुमारे २१,६४० आणि ९,३६०. ‘क’ किती असावा हे सांख्यिकी कक्षाने ठरवायचे नाही. तो राजकीय आणि नैतिक निर्णय आहे आणि त्याखाली सही धोरण ठरवणाऱ्याची हवी. कक्षाने एक, दोन, तीन अशा किमतींचे तक्ते शेजारी शेजारी मांडून द्यावेत. आणि हा आकडा भागांची नावे असलेली यादी पाहण्याआधी ठरवा. नावे दिसल्यावर कोणाचा ना कोणाचा मतदारसंघ आठवतो.

एक खबरदारी. पर्सेंटाइल क्रम ०.९ असलेला भाग ०.४५ च्या दुप्पट असुरक्षित नसतो, तो फक्त तितक्या भागांच्या वर असतो. वरच्या टोकाला दोन शेजारच्या क्रमांत प्रत्यक्ष परिस्थितीचे अंतर फार मोठे असू शकते. सूत्रात क्रम वापरत असाल तर वरच्या पाच टक्के भागांचे मूळ आकडे एकदा डोळ्यांखालून घाला आणि गरज असेल तर त्यांना वेगळी भर द्या. क्रमावरून प्रगतीही मोजता येत नाही. सगळीकडे परिस्थिती सुधारली तरी कोणीतरी शेवटच्या चौथाईत राहणारच. वर्षावर्षांची तुलना मूळ टक्केवारीत करा, आणि घटक बदललेत का तेही बघा. सीडीसीच्या यादीत २०२० साली दरडोई उत्पन्न गेले, घरखर्चाचा बोजा आणि विमा नसणे आले, गरिबीची मर्यादाही दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांपर्यंत वाढवली. २०१८ आणि २०२० चे क्रम शेजारी ठेवून ‘हा भाग घसरला’ म्हणणे निराधार आहे.

वाटप कागदावर नीट झाले तरी माल भलतीकडे जातो. कॅलिफोर्नियातच २०२१ च्या सुरुवातीला वंचित वस्त्यांसाठी लसीच्या वेळा राखून ठेवून विशेष सांकेतिक क्रमांक दिले गेले. ते क्रमांक संदेशांतून फिरत सधन लोकांपर्यंत पोचले आणि वेळा त्यांनी भरल्या. केंद्र वंचित भागात होते, लस टोचून घेणारे बाहेरचे. म्हणून किती मात्रा त्या भागात पाठवल्या हा आकडा पुरेसा नाही. लस घेणाऱ्याच्या राहत्या पत्त्यावरून, निर्देशांकाच्या पाच समान गटांत, दर आठवड्याला टक्केवारी काढा. पाचव्या, म्हणजे सर्वांत असुरक्षित गटातली टक्केवारी पहिल्या गटाच्या मागे पडत चालली असेल तर अडथळा पुरवठ्यात नाही. नोंदणीची पद्धत, केंद्राची वेळ, भाषा किंवा मजुरी बुडण्याची भीती यांत शोधा. इथे घटकांचा तक्ता पुन्हा कामाला येतो. वाहन नसलेली घरे जास्त असतील तर केंद्र जवळ न्या, भाषेची अडचण असेल तर दुभाषी द्या. एकूण गुण कुठे जायचे ते सांगतो, जाताना बरोबर काय न्यायचे ते घटकच सांगतात.

क्षेत्रीय कर्मचाऱ्यांना यादी दुरुस्त करण्याचा अधिकार द्या, पण मोजून. एकूण साठ्याच्या पाच ते दहा टक्के वाटा त्यांच्या शिफारशीने हलवता यावा, प्रत्येक शिफारशीला एक लेखी कारण असावे, आणि महिन्याअखेर ती कारणे वाचली जावीत. एकच कारण वारंवार येत असेल, उदाहरणार्थ ‘इथे सहा महिने बाहेरचे मजूर असतात’, तर ते पुढच्या आवृत्तीत घटक म्हणून यायला हवे.

शेवटचा मुद्दा प्रकाशनाचा. ‘अतिअसुरक्षित’ असा शिक्का वस्तीच्या नावासमोर छापला की घरमालक, विमा कंपन्या आणि कर्ज देणारे तो वाचतात. शिक्क्याऐवजी ‘सेवा प्राधान्य गट १’ असे लिहा. मात्र याच्या आडून आकडे दडवू नका. प्रत्येक वाटपाबरोबर घटकांचे मूळ आकडे, त्यांची वर्षे, भार, सूत्र, ‘क’ ची किंमत, सीमेवरच्या भागांची यादी आणि माहिती नसलेल्या भागांची यादी उघड्या तक्त्यात प्रसिद्ध करा. यादी कोणत्या तारखेला रद्द होणार हेही त्याच कागदावर असू द्या. सध्या प्रसिद्ध होते ती बहुतेकदा रंगीत नकाशाची पीडीएफ, आणि तिच्यातून कोणालाही एक आकडासुद्धा तपासता येत नाही.

कळावे,

आपले,
सार्वजनिक आरोग्य, साथरोगशास्त्र आणि सांख्यिकी या क्षेत्रांत काम करणारे काही जण